चारशे बारा, चारशे अठरा, चारशे नऊ

मागच्या मंगळवारी मी एका दिवसात तीन घरं मोजली. नौपाड्यातलं चारशे बारा फूट भरलं, कासारवडवलीचं चारशे अठरा आणि घणसोली गावातलं चारशे नऊ. सगळं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं, जिथे खरोखर पाय टेकतो तेवढंच. तिन्ही घरांत एक हॉल, एक बेडरूम आणि दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल असं स्वयंपाकघर. तिघांत फरक म्हणाल तर एका लोखंडी कपाटाचा. रात्री जेवणं उरकून रिपोर्ट टाइप करायला बसले, तेव्हा एकाच्या किमतीत दुसरं दीड वेळा बसत होतं आणि तिसऱ्यापुढे मला आकडाच टाकता येत नव्हता.

हे माझं रोजचं काम. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि २००४ साली एका व्हॅल्युअरकडे, म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्याकडे, लागले ती आजपर्यंत तिथेच आहे. तुम्ही बँकेत कर्जाचा अर्ज केलात की दोन-तीन दिवसांनी कुणीतरी येऊन घराचे फोटो काढतं, खोल्या मोजतं, शेजाऱ्याला 'इथे काय भाव चाललाय हो?' असं विचारतं, पाणी पिऊन निघून जातं. ती मी. सही सरांची असते, पायपीट माझी. पूर्वी टेपचं एक टोक वॉचमनच्या हातात द्यावं लागायचं आणि तो नेमका कोपऱ्यात न धरता कोपऱ्याच्या अलीकडे धरायचा. आता लेझर आहे, भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. नातेवाईक मात्र मला ज्योतिषी समजतात. हळदीकुंकवाला वाण हातात पडायच्या आधी 'आमच्या घराचे किती येतील गं?' हा प्रश्न पडतो. विकायचं कुणालाच नसतं, फक्त ऐकायचं असतं.

नौपाड्याची इमारत १९६८ सालची. तळमजला अधिक तीन, लोड बेअरिंग म्हणजे सगळा भार भिंतींवर, लिफ्ट नाही. घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं एका निवृत्त शिक्षिकेने, वय ऐंशीच्या पुढे. मुलगा बाहेरगावी, त्याला स्वतःच्या घरासाठी हे घर तारण ठेवायचं होतं. जिन्याच्या छताला दोन ठिकाणी लोखंडी टेकू. हॉलमध्ये शहाबादी फरशी, खिडकीत तुळस, आणि मी बसायच्या आत समोर कोकम सरबत. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती?" खरं तर आम्ही मालकाला सांगायचं नसतं. पण त्या इतक्या सरळ बघत होत्या की मी म्हटलं, "आजी, नव्व्याण्णव लाखाच्या आसपास जाईल."

त्यांना धक्का बसला नाही. त्यांना पुढचं ऐकायचं होतं. मी समजावलं की जुन्या इमारतीला वर्षागणिक घसारा लागतो, तुमच्या इमारतीला तो जवळजवळ शेवटपर्यंत लागून गेलाय, त्यामुळे या भिंती, हा जिना, ही फरशी यांची किंमत जवळजवळ संपलेली आहे. जी काही किंमत आहे ती खालच्या जमिनीतल्या तुमच्या वाट्याची. आजी म्हणाल्या, "म्हणजे मी राहते त्याचे काही नाही, आणि मी कधी पाय ठेवला नाही त्या मातीचे नव्व्याण्णव लाख?" बावीस वर्षांत माझं काम इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

माती महाग का, हे मात्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. स्टेशन चालत नऊ मिनिटं (माझी नऊ, त्यांची वीस). भाजीला गावदेवी, कापडाला राम मारुती रोड, नाटकाला गडकरी, संध्याकाळी तलावपाळीवर एक फेरी. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच येऊन थांबली होती, आणि तेव्हापासून या शहराचा भाव स्टेशनापासून बाहेरच्या बाजूला उतरत गेलाय. गोखले रोडवरून तीन हात नाक्याकडे चालत जा, दर शंभर पावलांवर उतरतो. पण नौपाड्याच्या भावात एक मेखही आहे. ही इमारत पाडून नवीन बांधायची तर समोरची गल्ली सहा मीटरची. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, चढवायला बंदी आली, तेव्हा इथल्या आणि चरईतल्या कितीतरी सोसायट्यांचे बिल्डर एका रात्रीत दिसेनासे झाले. नंतर नियम बदलले, सैल झाले, तरी गल्ली काही रुंद झाली नाही. आजींच्या सोसायटीत गेल्या बारा वर्षांत तीन बिल्डरांनी पेढे वाटलेत. तिघांचे पेढे वेगवेगळ्या दुकानांतले होते, हेही त्यांच्या लक्षात आहे.

तिथून स्कूटर काढून कासारवडवली. कापूरबावडी ओलांडली की घोडबंदर रोडवर माणूस वेळेचा हिशेब सोडून देतो. डाव्या हाताला येऊरचा डोंगर, उजवीकडे कुठेतरी खाडी आणि मधे उरणच्या बंदराकडून येणारे-जाणारे कंटेनर. पंचेचाळीस मिनिटं लागली. टॉवरच्या गेटवर दोन पाण्याचे टँकर आत शिरायची वाट बघत उभे, आणि त्यांच्यामागे मी. वर चोविसाव्या मजल्यावर एक तरुण जोडपं, बॅलन्स ट्रान्सफरची केस, म्हणजे चालू कर्ज एका बँकेतून दुसरीकडे न्यायचं. घर नीटनेटकं, बाल्कनीतून खाडीचा तुकडा दिसतो, खाली पोहण्याचा तलाव. तलाव भरलेला होता. टँकर कशाला, ते मी विचारलं नाही.

त्या मुलीने मला ब्रोशर दाखवलं. त्यात लिहिलेलं होतं, 'मेट्रो स्टेशन चालत ३ मिनिटं'. खोटं नव्हतं, स्टेशनचा सांगाडा खिडकीतून दिसतच होता. वडाळा ते कासारवडवली मेट्रोचं काम २०१८ मध्ये सुरू झालं, आणि मी तेव्हापासून या रस्त्याच्या रिपोर्टांत एकच वाक्य लिहीत आलेय: 'मेट्रोचे काम प्रगतिपथावर'. २०२५ च्या सप्टेंबरात चाचणीची गाडी धावली तेव्हा आमच्या ऑफिसात खरंच चहा मागवला गेला. सरांचा नियम कडक आहे: आज जे उभं आहे त्याचीच किंमत करायची, उद्याची नाही. पण उद्याची किंमत आधीच या घराच्या भावात शिरलेली असते. शेजारच्या विंगमध्ये गेल्या महिन्यात विकलेल्या घराचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढला की त्यातला मेट्रोचा हिस्सा वेगळा कसा करायचा? तो आकडा घेऊन मी पासष्ट लाख लिहिले. म्हणजे मेट्रो मी लिहिली नाही, पण धरली.

हा रस्ता मी रिकामा पाहिलाय, हे सांगायला लागले की मी म्हातारी झाल्याची खात्री पटते. पण त्याहून विचित्र गोष्ट पोखरण रोडची. माझे बाबा तिथल्या एका कारखान्यात होते. वर्तकनगरहून सायकलने जायचे, तीन पाळ्या, भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ च्या सुमाराची, आणि पोखरण, कोलशेतकडे मोठमोठे कारखाने. माझ्या लहानपणी ठाण्यात 'कुठे राहता?' याच्या आधी 'कुठल्या कंपनीत?' असं विचारायचे. मग एकेक कारखाना बंद झाला किंवा दुसरीकडे गेला. कामगारांना व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे पैसे, मिळाली, जमिनी बिल्डरांकडे गेल्या. रेमंडने तर २०१९ मध्ये आपल्या इथल्या जमिनीवर स्वतःच घरं बांधायला घेतली. बाबांच्या कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मी पाच-सहा वर्षांपूर्वी साइट व्हिजिटला गेले. ज्या गेटावर बाबा कार्ड पंच करायचे, साधारण तिथेच रिसेप्शन होतं आणि एक मुलगी 'मॅम, वेलकम ड्रिंक?' म्हणून विचारत होती. त्या दिवशी मोजलेल्या टू बीएचकेची किंमत बाबांना मिळालेल्या व्हीआरएसच्या साठपट होती. मी घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "तिथे खाली भट्टी होती. उन्हाळ्यात ह्यांची चप्पल वितळायची." रिपोर्टात 'पूर्वीचा वापर: औद्योगिक' असा एक रकाना असतो, तेवढंच.

संध्याकाळी घणसोली. खरं तर मला याच घराबद्दल लिहायचं होतं.

घणसोलीत एक रस्ता आहे, एका बाजूला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचं सेक्टर आणि दुसऱ्या बाजूला गाव. रस्ता इतका लहान की या बाजूच्या बाल्कनीतून त्या बाजूच्या बाल्कनीला वाटीभर साखर देता येईल. सेक्टरच्या बाजूला साधारण एवढंच घर या वर्षी चौसष्ट लाखांना विकलं गेलं, इंडेक्स टू माझ्याकडे आहे. गावाच्या बाजूच्या पाच मजली इमारतीत मी गेले, तिथे राहणारे गृहस्थ साताऱ्याकडचे, जावळी खोऱ्यातले, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. खांद्यावर एका बाजूला कायमचा घट्टा. आठ वर्षांपूर्वी गावाकडची थोडी जमीन आणि बायकोचे दागिने विकून बावीस लाख रोख देऊन घर घेतलेलं. आता मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, म्हणून घरावर कर्ज हवं होतं. एका लहान फायनान्स कंपनीने आमच्याकडे केस पाठवली होती.

त्यांनी फाइल तयार ठेवली होती. प्लास्टिकच्या पिशवीत, ओळीने लावून. लाइट बिल, पाणी बिल, घरपट्टीच्या पावत्या, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा करार. मी विचारलं, "ओसी आहे का?"

"ते काय असतंय, मॅडम?"

ओसी म्हणजे महापालिकेचा दाखला, की इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आणि राहायला योग्य आहे. तो नाही. त्याच्या आधीची बांधकामाची परवानगी, सीसी, तीही नाही. घरपट्टी भरली म्हणजे घर कायदेशीर झालं असं नाही, पावतीवरच तसं लिहिलेलं असतं, पण पावती कोण वाचतं? मी लेझर काढला, मोजलं, चारशे नऊ. मोजताना त्यांची मुलगी ठिपक्याच्या मागे मागे बघत होती. मला ठाऊक होतं की मी 'निगेटिव्ह' पाठवणार. आमच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे किंमत कमी नव्हे, किंमतच नाही. बँकेच्या दृष्टीने ते चारशे नऊ फूट हवेत होते.

यात गावाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि सेक्टरमधले लोक घालतातही. पण १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी धरल्या गेल्या, तेव्हा ही गावं होती आणि शहर कागदावर होतं. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर आली, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या भागात गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. दरम्यान घरात पोरं वाढली, पोरांची पोरं वाढली, आणि गावठाणाची हद्द मात्र जिथल्या तिथे. मग लोकांनी आपल्याच अंगणात माडी चढवली. कुणी दोन मजले चढवून थांबलं, कुणी पाच चढवून विकले. ज्याने विकले त्याला पैसे मिळाले, ज्याने घेतलं त्याला डोक्यावर छप्पर मिळालं. कागद कुणालाच मिळाला नाही. अशा घरांची खरेदी-विक्री होतेच, निम्म्याहून कमी भावात, रोखीत, कारण कर्ज मिळत नाही. आणि कर्ज मिळत नाही म्हणून भाव निम्म्याहून कमी. इथे भाव ठरवणारी वस्तू म्हणजे एक कागद, रस्त्याची बाजू नव्हे.

तरी मी निगेटिव्ह लिहिताना हात आखडत नाही, त्याचं कारण शीळ. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला काही महिन्यांत उभी केलेली सात मजली इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. त्याच्या आदल्या महिन्यात मी त्याच पट्ट्यात एका इमारतीला भेट देऊन आले होते आणि खालच्या एजंटने मला चहा पाजून म्हटलं होतं, "मॅडम, सगळीकडे असंच असतं, तुम्ही फक्त भाव लिहा." शीळजवळच्या दिव्याच्या घरांबद्दल आजही मला फोन येतात. २०१६ मध्ये दिव्याला काही फास्ट गाड्या थांबायला लागल्या, मग दादरपर्यंत झटकन पोचता येतं, आणि घर कल्याणच्या अलीकडे असूनही स्वस्त. स्वस्त का, हे विचारणारा शंभरात एक. तो एक जण मला फोन करतो, मी सांगते, आणि तो पंधरा दिवसांनी तिथेच टोकन देऊन मोकळा होतो, कारण त्याच्या खिशात जेवढं आहे तेवढ्यात दुसरीकडे काहीच येत नाही. मी काय सांगणार त्याला.

माथाडी काका खाली रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "समोरच्या बिल्डिंगीचं काम चालू होतं तवा तिथली गोणी मीच वाहिलीय."

आता एप्रिलमधल्या एका फोनबद्दल, कारण सरकारी दर वाढले की तो हमखास येतो. १ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरचे दर वाढले. त्याआधी दोन वर्षं सरकारने हात लावला नव्हता. पेपरात आकडे आले: ठाणे ७.७२ टक्के, नवी मुंबई ६.७५, मुंबई ३.३९. सकाळी साडेआठला शेजारच्या काकांचा फोन, "अगं, आपलं घर पावणेआठ टक्क्यांनी वाढलं!" काका, घर वाढलं नाही, विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या कागदावर मुद्रांक शुल्क ज्यावर लागतं तो सरकारी दर वाढला. आणि ७.७२ ही सगळ्या शहराची सरासरी. त्यात नौपाड्याची गल्लीही आली, कासारवडवलीचा टॉवरही आला. शिवाय आपण राहतो कळव्याला.

हो, मी कळव्याला राहते, खारेगावात. इथे माझी स्वतःची फजिती सांगायलाच हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की भाव सांगणारी बाई स्वतः मोठी हुशार. २००५ साली आम्ही घर बघत होतो. खारघर आणि कळवा, दोन्हीकडे बजेटात बसत होतं. खारघरला एका रविवारी गेलो. रुंद रस्ते, मागे डोंगर, रिकामे प्लॉट, आणि परतताना संध्याकाळी सातनंतर रिक्षा नाही. स्टेशनपर्यंत चालत आलो, अंधारात, माझ्या पोटात सहावा महिना. नवरा वागळे इस्टेटमध्ये कामाला, आई वर्तकनगरला. मी म्हटलं, कळवा. ऑफिसात तेव्हा मला एकच वर्ष झालं होतं, तरी एवढं कळत होतं की नवी मुंबईचे भाव रेल्वेच्या पाठोपाठ चालतात. १९७३ ला खाडीवर पूल झाला तरी वाशी रेंगाळत होती, १९९२ ला मानखुर्दहून लोकल आली आणि वाशीचं रूप पालटलं. पुढे गाडी पनवेलपर्यंत गेली, २००४ ला ठाण्याहून वाशीला ट्रान्सहार्बर सुरू झाली आणि ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे जागी झाली. हे सगळं मी रिपोर्टात लिहीत होते आणि स्वतःसाठी वापरलं नाही. आज खारघरचं तेच घर माझ्या घराच्या जवळजवळ दुप्पट जाईल. खारघरवाल्या मैत्रिणीला हे बोलून दाखवलं की ती म्हणते, "मेट्रोची आठवण काढ." बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी २०२३ च्या नोव्हेंबरात धावली. बारा वर्षं तिच्या खिडकीसमोर खांब होते. तिचा मुलगा पहिलीत होता तेव्हा त्याला सांगितलेलं, तू मेट्रोने शाळेत जाशील. तो मेट्रोने गेला, पण इंजिनीअरिंगला.

माझ्या घराला मात्र २०२२ मध्ये अचानक चांगले दिवस आले. खारेगावचं रेल्वे फाटक बंद होऊन वर पूल झाला. त्याआधी फाटकाला वीस-वीस मिनिटं उभं राहून मी शेजारच्या रिक्षावाल्यांची लग्नं, मुलं, भांडणं सगळी ऐकलेली आहेत. पुलानंतर आमच्या सोसायटीतलं एक घर आधीपेक्षा सहा लाखांनी जास्त गेलं. घराचा रंगही बदलला नव्हता.

आणि आता उलवे. माझा धाकटा भाऊ.

२०१० च्या नोव्हेंबरात नवी मुंबई विमानतळाला पर्यावरणाची परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी दसऱ्याला भावाने उलव्यात वन बीएचके बुक केलं. सुपर बिल्टअप सहाशे साठ फूट, दर ३,२०० रुपये, एकवीस लाख बारा हजार. मी मोजलं तर कार्पेट तीनशे पंच्याण्णव. उरलेले दोनशे पासष्ट फूट जिना, लिफ्ट, पॅसेज आणि बिल्डरची कल्पनाशक्ती. घर कार्पेटवरच विकायला लावणारा रेरा कायदा यायला अजून सहा वर्षं होती. तो तेव्हा फोर्टला एका क्लिअरिंग एजंटकडे अकाउंट्स बघायचा. मी त्याला म्हटलं होतं, "अरे, तू विमान विकत घेतोयस, घर नाही." तो म्हणाला, "ताई, तू खारघरला काय म्हणाली होतीस ते आठव." माझं तोंड बंद.

२०१४ ला ताबा मिळाला, ओसी २०१६ ला. तो राहायला गेला तेव्हा सेक्टरमध्ये चार इमारती आणि बाकी गवत. सकाळी बसने नेरूळ, तिथून हार्बर. रात्री शेवटची बस चुकली की नेरूळहून रिक्षावाले तोंडाला येईल ते मागायचे. पाणी दिवसाला तासभर, मग सोसायटीचे टँकर. त्याने बाथरूमवरच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी बसवून घेतली, दोन हजार आठशेला. मग टेकडी फोडायला सुरुवात झाली. धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी सपाट करायची होती, नदी वळवायची होती, दहा गावं उठवायची होती. दुपारी सुरुंग लागायचे. माझी भावजय बाळाला पाळण्यात झोपवून खिडक्या लावून घ्यायची, तरी ताटं मांडणीत वाजायची. फेब्रुवारी २०१८ ला भूमिपूजन झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात उलव्याजवळच्या खारकोपरपर्यंत गाडी आली, आणि दर वर्षी गणपतीला आम्ही त्याच्या घरी गेलो की तो बाल्कनीतून हात करून दाखवायचा, "धावपट्टी तिथे." तिथे मातीचे डंपर.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. जाहिराती आल्या, 'शिवडी वीस मिनिटांत'. उलव्याचे भाव त्या महिन्यात असे चढले की माझ्याकडे एका आठवड्यात नऊ केसेस आल्या. भावाकडे अॅक्टिव्हा आहे. सेतूवर दुचाकीला परवानगी नाही. कारचा एका फेरीचा टोल अडीचशे. तो अजूनही लोकलनेच जातो, आणि सेतूमुळे वाढलेली किंमत त्याच्या घराला चिकटून बसली आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं, नाताळच्या दिवशी विमानं उडायला लागली. जानेवारीत भावाचा फोन, "ताई, ये, मोज." मी म्हटलं, नातेवाइकाच्या घराचा रिपोर्ट आम्हाला करता येत नाही. "रिपोर्ट कोण मागतंय? मला आकडा हवाय."

रविवारी गेले. लेझर नेला, उगाच. तीनशे पंच्याण्णव, तितकंच भरलं. भावजयीने थालीपीठ टाकलं होतं. मी मागच्या तीन महिन्यांतले त्याच सेक्टरचे इंडेक्स टू काढून नेले होते. म्हटलं, "अठ्ठावन्न. साठ मागितलेस तर घासाघीस होऊन अठ्ठावन्न."

तो अकाउंट्सवाला. मोबाइलवर बोटं फिरवून म्हणाला, "पावणेतीन पट. वर्षाला सव्वासात टक्के पडतात. माझं होमलोन साडेदहाने सुरू झालं होतं." मी म्हटलं, भाडं वाचलं ते धर. तो म्हणाला, "धरतो. मग हेही धर." आणि आतून दोनशे पानी वही घेऊन आला. शाळेची, कव्हर घातलेली. २०१४ पासूनची. टँकरची वर्गणी, तारखेसकट. रात्रीच्या रिक्षा, प्रत्येक. पाचशे लिटरची टाकी, २,८००. सुरुंगाने तडकलेली कपाटाची काच, ६५०. बाळाला ताप आला त्या रात्री बेलापूरपर्यंतची खासगी गाडी, ७००. ओसीसाठी सोसायटीने केलेल्या चकरांचे पेट्रोल. मला कल्पनाच नव्हती. अकरा वर्षं त्याने हे लिहिलं होतं आणि एका शब्दाने कुणाला बोलला नव्हता.

"हे घेणाऱ्याकडून कसं वसूल करायचं?" त्याने विचारलं. हसत नव्हता.

मी म्हटलं, "घेणारा येईल त्याला लोकल तयार, पाणी तयार, विमान तयार. तो वहीचे पैसे कशाला देईल?"

"मग अठ्ठावन्नमध्ये वही नाही?"

"नाही."

"मग नाही विकत," तो म्हणाला. विकायचं नव्हतंच त्याला, हे मला थालीपीठ खातानाच कळलं होतं.

मी वही चाळत होते. एंट्र्या २०२५ च्या दिवाळीपाशी थांबतात. पण मागून, उलट्या बाजूने, दुसरं अक्षर सुरू होतं, पेन्सिलीचं. तारीख, वेळ, विमानाचा रंग, आणि शेवटच्या रकान्यात 'आवाज: मोठा / लहान'. माझा भाचा दहा वर्षांचा आहे. तो बाल्कनीत उभा होता आणि मी कठड्याला टेकून वही बघत असल्यामुळे त्याच्या आड येत होते.

"आत्या, जरा सरक ना. आलं."